टेप लावा, ‘कोणासाठी’ ते विचारू नका

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट लांबणार आहे.

संध्याकाळी अंतर्वस्त्रांच्या दुकानात उभी होते. माझ्या पुढे एक गृहस्थ. पन्नाशीचे असतील, साधा शर्ट-पँट, हातात घडी घातलेला कागद. हळू आवाजात म्हणाले, “चाळीस नंबरमध्ये ब्रा दाखवता का? कप लहान हवाय.” काउंटरवरच्या मुलीने अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “कोणासाठी?” ते म्हणाले, “मिसेससाठी.” तिने शेजारच्या मुलीकडे बघितलं आणि दोघी हसल्या. “मग मिसेसनाच घेऊन या ना. चाळीसला एवढा लहान कप नसतो कुणाचा.” गृहस्थांनी कागद खिशात घातला आणि निघून गेले. त्यानंतर मी त्या मुलीला जे सुनवायचं ते सुनवलं, पण ते ऐकायला ते तिथे नव्हते.

ते बायकोसाठी घेत होते की स्वतःसाठी, मला माहीत नाही. जाणून घ्यायचंही नाही. पण “चाळीसला एवढा लहान कप नसतो कुणाचा” हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये. कारण माझा आहे.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या बहुतेकांना माहीत आहे की मी ट्रान्स स्त्री आहे. तुम्ही सगळे मला माझ्या नावानं हाक मारता, माझ्यासाठी भांडता, त्याबद्दल वेगळं काही लिहायला नको. पण या एका विषयावर तुम्हीही गप्प होता. मी पाहिलंय. ब्रा म्हटलं की चांगल्या चांगल्या पुरोगामी मैत्रिणी इकडे-तिकडे बघायला लागतात. म्हणून आज सगळं सरळ लिहिते.

स्त्री-हार्मोन्सची औषधं सुरू होऊन थोडे महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. स्तनाग्रांखाली गाठी धरल्या होत्या आणि त्या एवढ्या दुखायच्या की शर्ट घासला तरी डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा मी ढगळ शर्टातच बाहेर पडायचे. एका लहानशा दुकानात गेले, काउंटरला वयस्कर बाई होत्या. मी नुसतं म्हणाले, “मला मापाचं काही माहीत नाही.” त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, टेप घेतली आणि म्हणाल्या, “आत ये. हात खाली सोड. श्वास बाहेर टाक.” बस. कोणासाठी, कशासाठी, घरी माहीत आहे का, यातलं एक अक्षर नाही. छातीच्या खालून टेप फिरवली, मग छातीवरून, आणि दोन आकडे कागदावर लिहून दिले. “फासळी रुंद आहे तुझी, पट्टा मोठा लागणारच. कपाची घाई नको, तो अजून बदलेल.”

त्या बाईंना ट्रान्स हा शब्द माहीत होता की नाही, देव जाणे. त्यांना ब्रा माहीत होती, माझं काम त्यातच झालं.

आता जरा माप. सगळा घोटाळा तिथेच आहे. नंबर म्हणजे छातीखालच्या फासळ्यांचा घेर, तिथूनच ब्राचा पट्टा फिरतो. कपाचं अक्षर म्हणजे तो घेर आणि छातीचा सगळ्यात पुढे आलेल्या जागेचा घेर यांतला फरक. एक इंचाचा फरक म्हणजे ए, दोन इंच म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी. एवढंच. अक्षराला एकट्याला काहीच अर्थ नाही. ३४ सी आणि ४० सी यांत कपाच्या आकारात खूप फरक असतो. उलट ३६ सी, ३८ बी आणि ४० ए या तिघींच्या कपात मावतं जवळपास सारखंच, फरक फक्त पट्ट्याच्या लांबीचा. त्यामुळे कुणी “माझा कप सी आहे” म्हणालं तर त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

आणि ती जुनी पद्धत! छातीखालचा घेर मोजायचा आणि त्यात चार इंच मिळवायचे. अजूनही कित्येक ठिकाणी हेच चालतं. आमच्यासारख्या शरीरावर हे गणित लावून बघा. खालचा घेर ३६, वरचा ३८. चार मिळवले की पट्टा ४०, म्हणजे छातीच्या घेरापेक्षाही मोठा. आता यातून कोणतं अक्षर काढणार? मग म्हणतात, “तुम्हाला ब्राची गरजच नाही.” अहो, गणित तुमचं चुकलंय. सरळ मोजलं तर हा ३६ बी आहे, अगदी साधासुधा नंबर. चार इंच वाढवलेला पट्टा मागून पाठीवर वर चढतो, पुढून कप खाली येतात आणि सगळा भार खांद्यांवर पडतो. ब्राला आधार देतो तो पट्टा. खांद्यावरच्या पट्ट्यांनी कप जागेवर धरायचा असतो, ओझं वाहायचं नसतं.

त्या बाईंनी हे मला एका वाक्यात सांगितलं होतं. मागचा पट्टा जमिनीला समांतर राहिला पाहिजे, वर चढला की समज मोठा झाला. आणि नवीन ब्रा नेहमी शेवटच्या, सगळ्यात सैल हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक ताणत जातं, मग आत-आतले हुक लावत जायचं. हे मला ना आईनं सांगितलं, ना बहिणीनं. कसं सांगतील? त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मान्य आहे, जन्मानं बायका असलेल्यांनाही दुकानात धड माप मिळत नाही, कितीतरी जणी चुकीच्या नंबरात आयुष्य काढतात. पण त्यांना दुकानातून हसून बाहेर काढत नाहीत.

चिडले की मुद्दे उड्या मारतात. परत फासळ्यांवर येते.

वयात येताना शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, असेल तर खांदे आणि छातीचा पिंजरा रुंद होतो, आणि एकदा वाढलेली हाडं हार्मोन्सनी लहान होत नाहीत. स्तनांची वाढ इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, सुरू केल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत सुरू होते आणि पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. बऱ्याच जणींचे स्तन लहानच राहतात आणि रुंद छातीवर एकमेकांपासून लांब असतात. म्हणजे काय लागतं? मोठा पट्टा, लहान कप आणि दोन कपांमध्ये थोडं जास्त अंतर. आणि बनवणारे काय बनवतात? पट्टा वाढला की कपही वाढवतात. ४० नंबरच्या रांगेत सी, डी, डबल डी. ए-बी शोधत बसा. जणू रुंद पाठीच्या माणसाची छाती भरलेली असलीच पाहिजे, असा कुठे कायदा आहे.

मग आपण आरशासमोर उभं राहून काय म्हणतो? “माझंच शरीर विचित्र आहे.” मैत्रिणींनो, हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता मला रडू येत नाही, संताप येतो. बूट चावला तर पायाला दोष देतं का कुणी?

जे हातात आहे ते तरी करून बघा. ४० ए मिळत नाही? ३८ बी घ्या आणि मागे हुकांची जोडपट्टी लावा, तीच ती, दोन-तीन हुकांची, वेगळी मिळते. कप तेवढाच राहतो, पट्टा लांबतो. कपाचा वरचा भाग रिकामा, सुरकुतलेला राहत असेल तर लगेच लहान कपाकडे पळू नका. बरेचदा नंबर बरोबर असतो, आकार चुकतो. ज्यांचे स्तन वरून सपाट आहेत त्यांना पूर्ण झाकणाऱ्या कपापेक्षा अर्धा, वरून आडवा कापलेला कप जास्त चांगला बसतो. आणि हार्मोन्सची पहिली वर्षं असतील तर तारेची ब्रा नको. गाठी दुखत असताना तार टोचते, आणि नंबर बदलत असताना महागाचं घेण्यात अर्थही नाही. मऊ, बिनतारेचं काहीतरी घ्या आणि अधूनमधून पुन्हा मोजत राहा. “कपाची घाई नको, तो अजून बदलेल.” बघा, बाई बरोबरच बोलल्या होत्या.

आता क्रॉसड्रेसर मंडळींबद्दल, म्हणजे कधीमधी बायकांचे कपडे घालणाऱ्या पुरुषांबद्दल, कारण इथे आमच्यातल्याच काही जणी माझ्यावर चिडणार आहेत. “त्यांच्यात आणि आपल्यात फरक आहे, त्यांना आपल्यात मिसळू नकोस,” असं मला तोंडावर सांगितलं गेलंय. फरक आहे, मी कुठे नाही म्हणतेय? पण जो माणूस कपाटाच्या तळाशी पिशवीत गुंडाळून एकच ब्रा ठेवतो, घर रिकामं मिळालं की घालतो, आणि ती त्याला काचते, व्रण उठवते, त्याला “तू आमच्यातला नाहीस” म्हणून मी काय मिळवणार? त्याचीही फासळी रुंदच आहे. त्यालाही टेपच हवी आहे. आपल्याला दारात उभं करून जे प्रश्न विचारले गेले, तेच आपण दुसऱ्याला विचारायचे? मला हे पटत नाही आणि कधी पटणारही नाही. ज्यांना या वाक्यावरून अनफ्रेंड करायचंय त्यांनी करावं.

त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती कुणी सांगत नाही. सिलिकॉनचे फॉर्म, म्हणजे कपात ठेवायचे कृत्रिम स्तन, वापरणार असाल तर आधी पट्ट्याचा नंबर पक्का करा, फॉर्म नंतर घ्या. बरेच जण उलट करतात. मोठे फॉर्म मागवतात, मग त्यांना मावेल अशी ब्रा शोधत फिरतात, आणि मिळते ती पट्ट्यात चुकलेली. फॉर्मचा आकारही वरच्या त्या तीन नंबरांच्याच हिशोबानं चालतो. ३६ सीला जो बसतो तोच ३८ बीला, तोच ४० एला. रुंद खांद्यांवर काय शोभतं ते ज्यानं-त्यानं ठरवावं, पण सिलिकॉनला वजन असतं हे लक्षात ठेवा. सैल पट्टा ते पेलत नाही, दिवसभरात फॉर्म खाली सरकतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर बायका ज्या ब्रा घालतात, त्यांना आतून खिसा असतो. फॉर्म त्या खिशात नीट बसतो, वाकलं तरी बाहेर येत नाही. मास्टेक्टॉमी ब्रा म्हणून विचारा. खांद्यावरचे पट्टे रुंद, पाठ भक्कम, आणि तार बहुधा नसतेच. त्या बायकांसाठी ही सोय कुणीतरी मनापासून विचार करून केली आहे. ती आपल्यालाही उपयोगी पडते याचं मला नेहमी बरं वाटतं.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय खरा.

काउंटरवरच्या मुलींना काही पुरुष मुद्दाम त्रास देतात, घाणेरडं बोलायला मिळावं म्हणून माप विचारतात, हेही मला माहीत आहे. ठीक आहे, हा मुद्दा मान्य. पण त्रास देणारा आणि खाली मान घालून कागद पुढे करणारा यांतला फरक त्या मुलींना कळत नाही, असं मला सांगू नका. आज त्या दोघींना तो कळत होता. म्हणून तर हसल्या.

“ऑनलाइन घे ना मग” असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच आहे. घेतेच की. पण प्रत्येक कंपनीचा ३८ वेगळा, काही अंतर्वस्त्रं परतच घेत नाहीत, आणि घरातल्यांसमोर पार्सल उघडायची चोरी असलेल्यांनी काय करायचं? युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांचे नंबर सेंटिमीटरमध्ये असतात तो वेगळाच ताप. त्यांच्या लेबलवरचा ८० म्हणजे आपल्या लेबलवरचा ३६, ८५ म्हणजे ३८, ९० म्हणजे ४०. लिहून ठेवा कुठेतरी.

कपांना ए, बी, सी, डी ही अक्षरं लावायला सुरुवात झाली १९३०च्या दशकात. एवढी वर्षं झाली. एवढ्या वर्षांत लेस बदलली, रंग बदलले, फोम आला, तारा आल्या, गेल्या, परत आल्या. मोठ्या पट्ट्याला लहान कप लावायचं मात्र फारसं कुणाला सुचेना. आणि हे फक्त आमच्यासाठी मागतेय असं नाही. पोहणाऱ्या, वजन उचलणाऱ्या, जन्मतःच रुंद हाडाच्या कितीतरी बायका हेच शोधत असतात. माझी एक मैत्रीण, ट्रान्स वगैरे काही नाही, खांदे माझ्याहून रुंद, ती वर्षानुवर्षं पुरुषांचे बनियन घालते कारण तिला बसेल असं काही मिळत नाही. तिला कुणी “कोणासाठी” विचारलं नाही, पण मालही दिला नाही.

मी त्या वयस्कर बाईंकडे पुन्हा गेले होते, गाठी दुखायच्या थांबल्यावर. त्यांनी न विचारता टेप काढली, पुन्हा मोजलं, जुना कागद बघायलाही मागितला. “वाढलीस की,” म्हणाल्या. एवढंच. मी त्या दिवशी दुकानाबाहेर येऊन किती वेळ उभी होते, मला आठवत नाही. मला आयुष्यात कुणी त्या सुरात तसं म्हटलं नव्हतं. मला माझ्या ओळखीतल्या प्रत्येकीला, प्रत्येकाला, तेवढं मिळालेलं बघायचंय. खरंच फार मोठं मागणं नाही हे.

तुमच्यापैकी कुणाचं दुकान असेल, कुणाची बहीण किंवा वहिनी काउंटरवर बसत असेल, तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. बंद खोली असू द्या, टेप असू द्या. आणि समोरच्याला स्वतः मोजायचं असेल तर टेप त्याच्या हातात देऊन बाहेर थांबा.

ज्यांना दुकानात जायचंच नाहीये त्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहा. नाव नको, फोटो तर अजिबात नको, तुम्ही कोण आहात तेही नको. दोन आकडे पाठवा, छातीखालचा आणि छातीवरचा, श्वास बाहेर टाकून घेतलेले. फॉर्म वापरत असाल तर खालचा घेर फॉर्मशिवाय आणि वरचा फॉर्म लावून मोजा. हार्मोन्स सुरू असतील तर किती दिवस झाले तेवढं सांगा. उत्तर द्यायला उशीर होईल कदाचित, पण सगळ्यांना देईन.