‘व्हीलचेअर ती व्हीलचेअर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर ते छापण्यासारखं राहिलं नसतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या नावाने स्मृतिनिधी काढायचा आणि पुण्यतिथीला विशेष शाळेत एकाच मापाच्या पंधरा-वीस व्हीलचेअर वाटायच्या, हे थांबवा, असं मी लिहिलं होतं. तेवढ्याच पैशात कमी मुलांना द्या, पण मापाच्या द्या आणि तीन वर्षांच्या दुरुस्तीसकट द्या, एवढंच म्हणणं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘एसीत बसून दानशूर लोकांना अक्कल शिकवणं सोपं असतं. व्हीलचेअर ती व्हीलचेअर, मूल त्यात बसलं की झालं. मुळात शिक्षण देणं सरकारचं काम, आणि 2016 च्या कायद्यात ते 14 नव्हे, 18 वर्षांपर्यंत मोफत आहे, एवढं तरी तपासून लिहा. आम्ही आईच्या नावाने पंधरा खुर्च्या दिल्या. तिच्या नावाची पाटी लावली तर तुमच्या पोटात का दुखतं?’

पोटात दुखण्याचा विषय तुम्ही काढलात म्हणून सांगते. तुमच्या आईंबद्दल माझ्या लेखात एक अक्षर नव्हतं. कुणाच्याच आईबद्दल नव्हतं. गेलेल्या माणसाची ढाल पुढे केली की समोरच्याला बोलता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे, आणि म्हणूनच ती पुढे करायला नको होती. ‘अक्कल शिकवणं’, ‘एसीत बसून’ हे शब्द एखाद्या बाईने विषयातलं काही सांगितलं की लगेच बाहेर येतात. मी 2004 पासून विशेष शाळांमध्ये फिजिओथेरपीचं काम करते. त्या शाळांत पंखा चालू असला तरी पुष्कळ झालं. माझ्याशी असहमत व्हा, पण मला या कामातलं कळत नाही असं धरून चालू नका.

वयाचा मुद्दा मान्य. तुम्ही म्हणता त्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम 31 हे 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतं, अट एवढीच की दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणित असावं. 14 हे शिक्षणहक्क कायद्यातलं वय, माझी गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता तुमचं ते वाक्य. ‘मूल त्यात बसलं की झालं.’

वाटपात येते ती घडीची खुर्ची घ्या. तिचं आसन साधारण 45 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर खोल असतं. ते मोठ्या माणसाचं माप आहे. आठ वर्षांच्या मुलाची बसल्यावर कुल्ल्यांची रुंदी पंचवीसच्या आसपास भरते आणि पाठीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची लांबी चौतीसच्या आसपास. त्या लांबीतून 3 ते 6 सेंटिमीटर कमी करायचे, म्हणजे त्याला आसन हवं तीस सेंटिमीटरभर खोल. तुम्ही दिलंत चाळीस. मग काय होतं? आसनाची पुढची कड पोटरीत रुतते. ती रुतू नये म्हणून मूल पुढे घसरतं. घसरलं की ते बैठकीच्या हाडांवर न बसता माकडहाडावर बसतं, पाठीची कमान होते, हनुवटी छातीला लागते. फुटरेस्टपर्यंत पाय पोचत नाहीत, ते लोंबकळतात. पायाला आधार नाही म्हणून आणखी घसरतं. दर पंधरा मिनिटांनी बाई काखेत हात घालून त्याला वर ओढतात आणि दर पंधरा मिनिटांनी ते परत खाली येतं.

रुंदीचं वेगळंच. पंचवीसच्या मुलाला पंचेचाळीसचं आसन म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर मोकळे. मूल खुर्चीच्या एका हातावर रेलतं, कारण खुर्चीचा दुसरा हात दूर आहे. रोज त्याच बाजूला रेललं की कणा त्याच बाजूला वाकायला लागतो. चाकांची कडी हाताला येत नाही, म्हणजे स्वतः ढकलणं संपलं, कुणीतरी ढकलणारं हवंच. आणि ती रेक्झिनची झोळीसारखी बैठक दोन-चार महिन्यांत खाली बसते. मग मांड्या आत ओढल्या जातात, गुडघे एकमेकांवर घासतात. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसलेल्या, पुष्कळ मुलांचे पाय मुळात आत खेचलेले असतात, त्यांना ही झोळी आणखी आत खेचते. खुब्याचा सांधा बिघडायला याचा हातभार लागतो.

हे सगळं शरीराचं झालं, शिक्षणाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. सगळा संबंध तिथेच आहे. ज्या मुलाला धडाचा तोल सांभाळता येत नाही ते हात टेकून स्वतःला सावरतं. एक हात खुर्चीच्या हातावर, दुसरा मांडीवर. आता पेन्सिल कुठल्या हाताने धरायची? वर्गात असं मूल बघा, जवळून बघा. बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात, इतकं घट्ट धरून बसलेलं असतं. फळ्याकडे बघायचं तर मान उचलायला लागते, आणि मान उचलण्यातच त्याची सगळी ताकद संपते. शाळेच्या शेऱ्यात येतं ‘लक्ष देत नाही, लवकर थकतो’. तेच मूल कंबर सरळ, पाय फुटरेस्टवर पूर्ण टेकलेले, छातीशी एक पट्टा आणि समोर कोपराच्या उंचीला ट्रे असं बसवलं की दोन्ही हात सुटतात. विशेष शाळेला दिलेल्या खुर्चीचं काम एवढंच, हात मोकळे करणं. ते होत नसेल तर ती खुर्ची नुसती मुलाला इथून तिथे नेते, आणि ते काम आयांनी कडेवर घेऊन आजवर केलंच आहे.

पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या, म्हणजे स्पायना बायफिडाच्या मुलांबद्दल तर ‘बसलं की झालं’ हे बोलूच नका. त्यातल्या पुष्कळांना कमरेखाली संवेदना नसते. टोचतंय, दुखतंय हे त्यांना कळत नाही. गादीशिवाय झोळीवर चार-पाच तास बसवलं की कातडीवर लाल चट्टा उठतो. दाब काढल्यावर अर्ध्या तासात तो गेला नाही तर ती बेडसोरची, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजायची आणि त्या जागेवर बसणं बंद करायचं. दुर्लक्ष झालं की जखम होते, आणि ती भरेपर्यंत महिनोन्महिने मूल घरी पालथं पडून राहतं, शाळा बुडते. खुर्चीसोबत आलेल्या माणसाने आईला रोज संध्याकाळी कातडी तपासायला शिकवलं होतं का, हे तुम्ही पंधरा खुर्च्या देताना विचारलं होतं का?

तुमच्यासारखे लोक ‘गरिबांना काहीतरी मिळतंय ना’ म्हणतात तेव्हा मला जयपूर फूट आठवतो. देशात स्वस्तात बनणारा आणि मोठ्या प्रमाणावर वाटला गेलेला कृत्रिम पाय. 1968 च्या सुमाराला रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी तो घडवला, आणि 1975 पासून भगवान महावीरांच्या नावाने चाललेली समिती तो मोफत बसवते. नाव तिथेही आहेच, आणि तरीही तिथे कुणी ढिगातून पाय उचलून देत नाही. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतात, त्यावर प्लॅस्टिकचा पाइप तापवून चढवतात, माणसाला उभं करून, चालवून बघतात आणि मगच घरी पाठवतात. फुकट मिळणाऱ्या पायाला माप लागतं, हे तिथे सगळ्यांना पटलेलं आहे. खुर्चीलाच माप नको, हे कुणी ठरवलं?

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. खुर्ची मुलाच्या अंगाला बसवून बघणं ही सहावी पायरी, वापरायला शिकवणं सातवी, देखभाल-दुरुस्ती आठवी. वाटपाचा कार्यक्रम खुर्ची आणण्याशी संपतो, फोटो काढून. तुमची प्रतिक्रियाही तिथेच संपते.

सरकारच्या कामाबद्दल एवढंच की त्याच कायद्याचं कलम 17 सुद्धा वाचा. त्यात 18 वर्षांपर्यंत पुस्तकांबरोबर ‘योग्य’ साधनंही मोफत द्यायला सांगितलं आहे. योग्य हा शब्द कायद्याला सुचला, तुम्हाला सुचला नाही. बाकी वाद तुम्ही सरकारशी घाला.

पाटी लावा. हवी तेवढी मोठी लावा.

पण पैसा कसा ठेवायचा ते आधी ठरवा. पुण्यतिथी नसली तरी बरीच वाटपं मार्चमध्ये का होतात? देणगी ‘कायम निधीसाठी’ असं लेखी न देता दिली की ती संस्थेच्या त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते, आणि करसवलतीसाठी उत्पन्नाचे 85 टक्के खर्चायचे असतात. पैसे साठवायची सोय आहे, पण त्यासाठी उद्देश आधी कळवावा लागतो. ते कुणी करत नाही, मग वर्षअखेर आली की घाऊक खरेदी. त्याऐवजी 10 लाख कायम निधी म्हणून लेखी दिले आणि व्याज 7 टक्के धरलं, तर दर वर्षी 70 हजार येतात आणि मुद्दल हलत नाही. माझ्या मते त्या वर्षाच्या शंभर रुपयांतले साठ खुर्चीला, पंधरा गादी-पट्टे-ट्रेला आणि पंचवीस दुरुस्तीला राखावेत. पंचवीस जास्त वाटतील. पण पुढच्या लहान चाकांच्या आसात धागे आणि केस गुंडाळले जातात, पावसाळ्यात बेअरिंग गंजतात, टायरमधली हवा गेली की ब्रेक टायरला लागतच नाही आणि खुर्ची उतारावर सुटते. ट्यूब सायकलवाला बदलून देतो, पुढच्या चाकाचा फोर्क त्याच्याकडे नसतो. शिवाय मूल वाढतं. दर सहा महिन्यांनी माप परत घ्यावं लागतं.

माप घ्यायला मोठी यंत्रणा लागत नाही. कडक पाठीच्या लाकडी खुर्चीवर मुलाला ताठ बसवा, पायाखाली पाट द्या. दोन पुठ्ठ्याच्या वह्या कुल्ल्यांना दोन्ही बाजूंनी उभ्या लावा आणि मधलं अंतर मोजा, ती रुंदी. पाठीपासून लवणीपर्यंत दोन्ही पाय मोजा, लांबी वेगळी आली तर आखूड पाय धरा. लवणीपासून टाचेपर्यंत बूट घालून मोजा आणि त्यातून गादीची जाडी वजा करा, ते झोळीपासून फुटरेस्टपर्यंतचं अंतर. एका मुलाला पंधरा मिनिटं.

तुमच्या पंधरा खुर्च्या गेल्याच आहेत, त्या परत मागू नका. झोळीवर 12 मिलिमीटर प्लायवूड आणि वर 5 सेंटिमीटर टणक फोम टाका. संवेदना नसलेल्या मुलाला मात्र एवढ्यावर भागवू नका, त्याची गादी थेरपिस्टने ठरवायची. दोन्ही बाजूंना फोमचे ठोकळे बसवा, पाठीमागे जितकी खोली जास्त आहे तितक्या जाडीची पाठ लावा, फुटरेस्टवर लाकडी ठोकळे घट्ट स्क्रूने बसवा. पाठ जाड केली की मूल पुढे येतं आणि वजन पुढच्या चाकांवर पडतं, म्हणून फुटरेस्टवर उभं राहू देऊ नका, खुर्ची पुढे कलंडते. ही तात्पुरती सोय आहे, मापाच्या खुर्चीची बरोबरी ती करणार नाही. मुलांची मापं घेऊन इथे लिहिलीत तर कुठल्या खुर्चीला किती जाडीची पाठ लागेल ते मी सांगेन. माझ्या पोटाबद्दलच्या पुढच्या प्रतिक्रियांना उत्तर देणार नाही.