महागाई भत्त्याची लिंक

आमच्या विभागाच्या सायबर सुरक्षेचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला, त्याला कारण माझी विद्वत्ता नसून प्रिंटर आहे. त्यात अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला आणि नेमके ते साहेबांनी पाहिले. पुढच्याच आठवड्यात मला माहिती सुरक्षेचा नोडल अधिकारी नेमल्याचा आदेश निघाला. त्यात जबाबदाऱ्या ११ होत्या, अधिकार एकही नव्हता, आणि ‘यासाठी वेगळे मानधन देय राहणार नाही’ हे वाक्य तेवढे ठळक अक्षरांत होते.

पहिल्याच फेरीत आस्थापना शाखेतील वरिष्ठ लिपिकांच्या टेबलाच्या काचेखाली, लोकलचे वेळापत्रक आणि गजानन महाराजांची तसबीर यांच्या मधोमध, लाल शाईत लिहिलेला पासवर्ड दिसला. मी हरकत घेताच ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “साहेब, मी रजेवर असलो तर काम अडायला नको.” पासवर्ड बदलण्याचा लेखी आदेश मी काढला आणि त्याचे पालनही तत्काळ झाले. जुन्या पासवर्डवर एक सरळ रेघ मारून, शेजारी तारखेनिशी छोटी सही करून, त्याच चिठ्ठीवर खाली नवा पासवर्ड लिहिण्यात आला होता.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने ज्या डिजिटल स्वाक्षरीला हातच्या सहीचे वजन दिले, ती करण्यासाठी संगणकाला जोडायचे साहेबांच्या नावाचे डोंगल स्वीय सहायकांच्या खणात, टाचण्यांच्या डबीत असते. पिन डबीच्या झाकणावर आहे. हा धोका मी साहेबांच्या कानावर घातला, तेव्हा त्यांनी ‘माझे डोंगल कोणते?’ असे विचारले.

‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते. आमच्याकडे ६ तासांत नस्ती फार तर शेजारच्या टेबलावर पोहोचते, तीही मध्ये जेवणाची सुट्टी आली नाही तर. संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात, हे ऐकून अभिलेख कक्षातील मंडळी मात्र मनापासून हसली. ‘अ’ वर्गाच्या नस्त्या ती कायमच्या सांभाळत आली आहेत. आमच्या संगणकांवरील विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणारा सुरक्षेचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, म्हणून मी नव्या संगणकांचा प्रस्ताव पाठवला, तर ‘जुने संगणक चालू स्थितीत असताना नवीन कशासाठी?’ असा शेरा घेऊन तो परत आला. पंखा चालू असेपर्यंत संगणक चालू, अशी लेखा शाखेची व्याख्या आहे.

अशात कर्मचाऱ्यांची जागरूकता तपासण्यासाठी बनावट मेल पाठवण्याची सूचना वरून आली. मी विचारपूर्वक विषय लिहिला: ‘महागाई भत्त्याच्या थकबाकीबाबत – तात्काळ’. मेल ११२ जणांना गेला आणि अर्ध्या तासात ९१ जणांनी लिंक दाबली. उरलेल्या २१ जणांच्या सावधपणाचे मला भारी कौतुक वाटले, ते चौकशी करेपर्यंतच टिकले. त्यांपैकी ९ जण रजेवर होते. बाकी १२ जणांनी मेलची छापील प्रत काढून, तिला आवक क्रमांक देऊन, ‘निळ्या अक्षरांतील मजकूर कागदावर उघडत नसल्याने त्याची सुवाच्य प्रत मिळावी’ अशी टिपणी वर पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी संघटनेचे निवेदन आले. सदर मेल चाचणीचा असून थकबाकी अस्तित्वात नाही, असा खुलासा मी सादर केला. त्यावर लेखा शाखेने ‘थकबाकी अस्तित्वात नसल्याबाबत वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत’ असे नमूद केले. काल मला स्मरणपत्र क्रमांक ३ मिळाले. त्यात संदर्भ क्रमांक १ म्हणून माझाच बनावट मेल आहे, रक्कम ७ दिवसांत अदा न केल्यास जबाबदारी निश्चित करण्याचा इशारा आहे, आणि खाली साहेबांची डिजिटल स्वाक्षरी आहे. साहेब सोमवारपासून नागपूरला आहेत.