‘सगळे शेतकरीच’ म्हणणाऱ्या वाचकांना

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्या बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात ‘शेतकरी’ हा शब्द वीस एकर उसाच्या मालकालाही लावतात आणि त्याच्या उसात भांगलणीला, म्हणजे तण काढायला, जाणाऱ्या बाईलाही. शब्द एक झाला की हिशेबातून ती बाईच गळते. त्यावर आपली लांबलचक प्रतिक्रिया आली. तिच्यातलं एक वाक्य: ‘टिळकवाडीत पंख्याखाली बसून मराठी माणसात मालक-मजूर अशी फूट पाडणाऱ्याला शेत काय कळणार?’

मतभेद जरूर मांडा, पण ही बोलायची रीत नव्हे. मी कुठे राहतो यावरून मला काय कळतं हे ठरवणारे आपण कोण? बेळगावच्या या टिळकवाडीत मी नोकरीमुळे आलो. त्याआधीचं ऐकायचंच असेल तर ऐका.

माझी आई निपाणीच्या वखारीत तंबाखू कुटायला, चाळायला होती. नाकातोंडाला फडकं बांधून दिवसभर त्या धुरळ्यात. घरी आली की उंबऱ्याबाहेर लुगडं झटकायची, तरी आम्हा पोरांना शिंका यायच्या. वखार बंद असली की रोजगाराला, कुणाच्याही रानात. आमच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. तिला गावात कुणी कधी ‘शेतकरी’ म्हटलं नाही, ‘रोजगारी बाई’ म्हणायचे. आठवड्याच्या मजुरीचे पैसे मागायला गेली की सोप्यात न घेता दारातच उभी करायचे. तेव्हा ‘आपण सगळे शेतकरीच’ हे वाक्य कुणाला आठवलं नाही. आता तिच्या मुलाने मजूर हा शब्द लिहिला की तो फूट पाडतो!

आणि फूट म्हणाल तर निपाणीचाच इतिहास बघा. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. त्या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण त्याच सुमाराला वखारीतल्या बायका मजुरीसाठी आपली संघटना बांधत होत्या. तंबाखू तोच, तरी भाव मिळणं आणि मजुरी मिळणं ही भांडणं वेगळी होती, कारण वखारीच्या बाईला भाव वाढून काही मिळत नव्हतं. हे कुणाच्या लेखामुळे झालं नव्हतं.

सीमाप्रश्नाचा धाक मला घालू नका. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला मीही जातो, सीमाभाग कर्नाटकात गेला त्या 1 नोव्हेंबरचा काळा दिनही पाळतो. मराठी म्हणून एक असणं आणि रानात मालक-मजूर असणं, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. 2019 च्या महापुरात वेदगंगा-दूधगंगेकाठची रानं बुडाली. पिकाची भरपाई उताऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यावर. त्याच रानात रोजगाराला जाणाऱ्या बाईचं काम बुडालं, ते कुठल्या कागदावर चढलं? त्या कागदावरही ‘शेतकरी’ असाच रकाना असतो.

आपला एक मुद्दा मानतो. एकरभर कोरडवाहूवाला स्वतःही काही महिने दुसऱ्याच्या बांधावर राबतो, त्याला मालक म्हणणं जिवावर येतं. ठीक आहे, त्याला अल्पभूधारक म्हणू. पण त्याचं नाव पुढे करून वीस एकरवाल्याने मागे लपू नये.

बाकी आपण उसाची बिलं, कारखान्यांची थकबाकी, वाढलेली मजुरी असं बरंच लिहिलंय. ते माझ्या लेखाचे विषय नव्हते, त्यामुळे त्यात शिरत नाही. ‘हल्ली मजूर मिळत नाहीत, तेच मालक झालेत’ हे वाक्य मात्र आपल्यासारख्या वाचणाऱ्या माणसाने लिहायला नको होतं.

आपली प्रतिक्रिया आहे तशी ठेवली आहे. लेखातला ‘मजूर’ हा शब्दही आहे तसाच राहील. पुन्हा लिहिणार असाल तर अवश्य लिहा, पण मी कुठे राहतो आणि कशाखाली बसतो ते सोडून लिहा.