आम्ही घर सोडून पळत नाही

गेल्या महिनाभरात एकच मजकूर माझ्याकडे सात व्हॉट्सअ‍ॅप गटांवरून आला. शाळेचा गट, माहेरचा गट, सोसायटीचा गट, आणि शेवटी आमच्या पळणाऱ्यांच्या गटावरही. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पन्नास, नव्वद, शंभर किलोमीटर पळणारी हौशी माणसं म्हणे खरं तर संसारापासून पळत असतात. त्यांच्याकडे रिकामा वेळ आणि जादा पैसा असतो. चाळिशीत त्यांचे गुडघे संपतात, हृदय कधीही दगा देतं. जगातला पहिला मॅरेथॉनवीरसुद्धा पळून आल्या आल्या मेला. बायकांनी तर या नादापायी लेकरांची आबाळ करू नये. आणि हे सगळं करून समाजाला काय मिळतं?

मी साताऱ्यात राहते, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि सहा वर्षांपासून चौदा जणांच्या एका हौशी गटात पळते. मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरच्या पुढचं काहीही अल्ट्रा, एवढीच आमची व्याख्या. मजकूर कोणी लिहिला हे ठाऊक नाही. पण माझ्या आईनं तो वाचून रात्री साडेनऊला फोन केला, "तुझं घरी सगळं बरं चाललंय ना गं?" म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

पहिला मुद्दा संसारापासून पळण्याचा. आपल्याकडे पळणं आणि पळून जाणं हे शब्द इतके शेजारी आहेत की असं वाक्य ऐकताच पटतं. पण आमच्या गटात कोण आहे ते बघा. एकाचं दूध संकलन केंद्र आहे. पहाटे साडेपाचपासून साडेआठपर्यंत कॅन उतरवायचे, दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) लावायचं, पावत्या द्यायच्या. संध्याकाळी पुन्हा तेच. आम्ही पहाटे चारला पोवई नाक्यावर जमतो तेव्हा तो येऊच शकत नाही. तो नऊनंतर, ऊन चढल्यावर, एकटा यवतेश्वरचा घाट चढतो. स्पर्धेत दुपारी बारानंतर आम्ही सगळे माना टाकतो आणि हा मागून येऊन पुढे जातो, कारण ऊन त्याच्या अंगवळणी पडलंय. ते त्याला दुधानं शिकवलं. सरकारी रुग्णालयातल्या आमच्या सिस्टरांची रात्रपाळी सकाळी आठला सुटते. रात्रपाळीच्या आठवड्यात लाँग रन करायचा नाही हा गटाचा नियमच आहे, आणि तो त्यांच्यामुळेच झाला. एक एसटीत कंडक्टर आहेत, एकाचं औषधाचं दुकान आहे, एकजण बँकेत कॅशियर. निवृत्त हवालदार आहेत, त्यांना गावात सगळे मेजर म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो.

रिकामा वेळ यातल्या कुणाकडे आहे? आठवड्याचे तास 168. आमचा नेहमीचा आठवडा म्हणजे पळण्याचे 8 ते 10 तास, स्पर्धेआधीचे पाच-सहा आठवडे 13-14. हे तास झोपेतून आणि टीव्हीतून येतात. लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद, मुलांचं स्नेहसंमेलन, पेरणी, वर्षश्राद्ध यांतलं काही आलं की आमचा तक्ता बदलतो; तक्त्यासाठी यातलं काही बदललेलं मी तरी पाहिलेलं नाही. मार्चमध्ये दहावीचे पेपर तपासायला आले की माझं पळणं निम्म्यावर येतं. ज्याला पळूनच जायचं असेल तो इतका हिशेब ठेवून, दर रविवारी साडेनऊच्या आत घरी परत येईल कशाला?

बायकांबद्दलच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय. त्यात एक गोष्ट साफ खोटी आहे आणि एक खरी.

खोटी ती लेकरांच्या आबाळीची. जॅस्मिन पॅरिस नावाची ब्रिटिश पशुवैद्य आहे, एडिंबरा विद्यापीठात काम करणारी. जानेवारी 2019 मध्ये तिनं ब्रिटनमधली स्पाइन रेस 83 तास 12 मिनिटांत पूर्ण केली. कडाक्याच्या थंडीत 268 मैल, म्हणजे सुमारे 430 किलोमीटर. ती बायकांत पहिली नव्हे, सगळ्यांतच पहिली आली आणि आधीचा विक्रम तिनं 12 तासांनी मोडला. तिची मुलगी तेव्हा 14 महिन्यांची होती, अंगावर पीत होती. वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढायची. त्याच काळात पीएचडीचा प्रबंध लिहून पुरा व्हायचा होता. पुढे मार्च 2024 मध्ये अमेरिकेतली बार्कली मॅरेथॉन्स ही 60 तासांची मर्यादा असलेली अतिकठीण शर्यत पूर्ण करणारी ती पहिली स्त्री ठरली, तेव्हा घड्याळात फक्त 99 सेकंद उरले होते. आई, पशुवैद्य, संशोधक आणि धावपटू, हे सगळं एकाच बाईच्या एकाच आठवड्यात बसत होतं. त्यातलं एक काढलं म्हणून दुसरं वाढलं असतं असं मला वाटत नाही.

खरी गोष्ट मात्र आमच्या जवळची आहे. आमच्या चौदा जणांत बायका चारच. गटातला पुरुष पहाटे साडेतीनला उठून बूट घालून निघतो आणि परत येतो तेव्हा बहुतेक घरांत नाश्ता तयार असतो. मी पळायला लागले तेव्हा शनिवारी रात्री कणीक मळून, भाजी चिरून, मटकी फडक्यात बांधून मगच झोपायची. दोन वर्षं असं चाललं. मग एका पावसाळी रविवारी कासला जाऊन परत यायचं ठरलं, दोन्ही मिळून 50 किलोमीटरच्या आसपास. पेट्रीच्या पुढे इतकं धुकं उतरलं की दोन हातांपलीकडचा माणूस दिसेना. रस्त्याची पांढरी कड बघत एकमेकांना हाका मारत आम्ही चालतच परतलो. घरी पोचायला साडेबारा वाजले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. ओट्यावर कणीक तशीच झाकलेली, वरून कोरडी पडलेली, आणि बापलेक बिस्किटं खाऊन बसलेले. मी भिजलेल्या कपड्यांनीच पोळ्या लाटायला घेतल्या, आणि तिसऱ्या पोळीला लाटणं खाली ठेवलं. त्या दुपारी आम्ही नवराबायको जितकं स्पष्ट बोललो तितकं लग्नाच्या बारा वर्षांत बोललो नव्हतो. तेव्हापासून रविवारी दुपारपर्यंत स्वयंपाकघर त्यांचं. सासूबाई शनिवारी माझ्यासाठी छोटे बटाटे उकडून, मीठ-जिरेपूड लावून डब्यात भरून ठेवतात. घाटात ते सोन्यासारखे लागतात.

गटात मी हा विषय काढला तेव्हा काही पुरुष गप्प बसले. दोन घरांत बदल झाला, बाकीच्यांत अजून नाही. दोघंही पळतात अशा एका जोडप्यानं रविवार वाटून घेतले आहेत, एक त्याचा, एक तिचा. तेव्हा मजकूर लिहिणाऱ्याला माझं म्हणणं एवढंच, की आपण सकाळी पळतो तेव्हा घरातलं काम कोणावर पडतं हा प्रश्न चांगला आहे, फक्त तो पुरुषांना विचारा. आणि गोल्फ, ट्रेकिंग, रात्री उशिरापर्यंतचं राजकारण, यांच्या बाबतीतही विचारा.

पैशाचं खरं किती? खर्च आहे, तो मी लपवणार नाही. चांगल्या बुटाची जोडी आठ-दहा हजारांची, आणि सात-आठशे किलोमीटरनंतर तळवा सांगतो की झालं. परदेशी स्पर्धा तर आमच्यातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच. पण आमचे कॅशियर दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स ही अल्ट्रा शर्यत पळून आले ते तीन वर्षं साठवून, आणि वर आमच्या भिशीची रक्कम उचलून. महिन्याला हजार रुपयांची ती भिशी. त्यांच्याआधी ती सिस्टरांनी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी उचलली होती.

खुद्द कॉम्रेड्सचा उगम तरी कुठे श्रीमंतांत आहे? व्हिक क्लॅपहॅम हा रेल्वेचा इंजिनचालक. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून त्याला पीटरमारित्झबर्ग ते डर्बन शर्यत घ्यायची होती. माजी सैनिकांच्या संघटनेनं अनेकदा नकार दिल्यावर अखेर होकार दिला आणि खर्चाला 1 पौंड उसना दिला. 24 मे 1921 ला 34 जण निघाले, 16 पोचले. पहिल्या आलेल्या बिल रोवनला 8 तास 59 मिनिटं लागली होती. आज तिथं 90 किलोमीटरच्या आसपासचं अंतर 12 तासांत कापावं लागतं, आणि बाराव्या तासाला बंदूक वाजली की एक सेकंद उशीर झालेल्यालाही आत घेत नाहीत. अकरा ते बारा तासांत पोचणाऱ्यांना मिळणारं पदक क्लॅपहॅमच्याच नावाचं आहे. आमच्या कॅशियरकडे तेच आहे. बँकेत काउंटरच्या खणात, शिक्क्यांशेजारी ठेवलेलं असतं.

आता शरीर. विज्ञान शिकवते म्हणून इथे मला जरा जास्त राग येतो. 2017 मध्ये गुडघा आणि खुब्याच्या संधिवातावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हौशी धावणाऱ्यांत त्याचं प्रमाण 3.5 टक्के होतं आणि बैठी जीवनशैली असलेल्यांत 10.2 टक्के. याचा अर्थ न पळणाऱ्यांचे गुडघे जास्त दुखावलेले आढळले. त्याच आढाव्यात वरच्या पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत मात्र 13.3 टक्के आढळलं, हेही सांगायला हवं. आम्ही अल्ट्रावाले या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असू, म्हणून तर आठवड्याला दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि एक दिवस पूर्ण विश्रांती पाळतो. हृदयाचं म्हणाल तर अमेरिकेत 2000 ते 2010 या काळातल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन तपासल्या गेल्या. 1 कोटी 9 लाख धावणाऱ्यांत हृदय बंद पडण्याच्या 59 घटना, त्यात 42 मृत्यू. जे गेले ते कुणाचे तरी होते, पण "केव्हाही दगा देतं" या वाक्याला हा आकडा आधार देत नाही. वर्षानुवर्षं फार लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो असं दिसलं आहे, म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी तपासणी करूनच यात पडावं. मेजरांना आम्ही दरवर्षी ईसीजीला पाठवतो, कुरकुर केली तरी.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. खोट्या भीतीनं खरे धोके झाकले जातात. मे 2021 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारांचा पाऊस आणि वादळी वारा आला आणि 21 धावपटू गारठून मेले. गुडघ्यानं किंवा हृदयानं नव्हे. अंगावर पुरेसे कपडे नव्हते आणि वाटेत मदत नव्हती म्हणून. झू केमिंग या मेंढपाळानं गुहेत शेकोटी पेटवून सहाजणांना वाचवलं. त्या दिवसापासून आमच्यातला कुणीही पातळ विंडचीटर पाठीवर असल्याशिवाय घाटाच्या वर जात नाही, एप्रिलमध्येसुद्धा. दुसरा धोका गोळीचा. दुखतंय म्हणून पळताना वेदनाशामक घेणारे खूप आहेत. 80 किलोमीटरच्या टप्प्यावर एक चाचणी झाली, त्यात आयबुप्रोफेन घेतलेल्यांपैकी 52 टक्क्यांच्या मूत्रपिंडावर ताण दिसला, औषध नसलेली नुसती दिसायला तशी गोळी घेतलेल्यांत 34 टक्के. आणि तिसरा धोका तहान नसताना घटाघटा पाणी पिण्याचा, कारण त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं. आमचे औषधवाले प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी या दोन गोष्टी बजावतात. असा मजकूर कोणी लिहिला तर मी स्वतः सगळीकडे पाठवीन.

पहिला मॅरेथॉनवीर मेला, हेही तसंच. त्या वीराचं नाव फिडिपिडीस. त्याच्याबद्दल सगळ्यात जुनी नोंद ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची. त्यात तो मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला धावतो आणि दुसऱ्याच दिवशी पोचतो. मरत नाही. मॅरेथॉन या गावाहून धावत येऊन मेल्याची गोष्ट त्याच्या नावाला जोडली ती ल्युशियन या लेखकानं, सहाशेहून अधिक वर्षांनी. 1982 मध्ये ब्रिटिश हवाई दलाचे जॉन फोडेन आणि त्यांचे सहकारी खरंच अथेन्स ते स्पार्टा हे अंतर पळून बघायला गेले, आणि पुढच्या वर्षापासून 246 किलोमीटरची स्पार्टाथलॉन सुरू झाली. म्हणजे गोष्ट द्यायचीच तर ती अल्ट्राची आहे, आणि त्यातला माणूस जिवंत पोचलेला आहे.

समाजाला काय मिळतं? कॅरम खेळणाऱ्याला, भजनाला जाणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. तरी एक सांगते. गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांचं मोठं ऑपरेशन झालं, अकरा रात्री दवाखान्यात कुणीतरी थांबायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी वहीच्या पानावर रात्रींची वाटणी लिहून आणली. मला विचारलंही नाही. रात्रभर जागं राहून दर दोन तासांनी काहीतरी खाणारी, कंटाळा आला तरी न उठणारी माणसं आमच्या गटात भरपूर आहेत, असं त्या म्हणाल्या. कंडक्टर मुक्कामाची गाडी बदलून आले. दूधवाला साडेचारला उठून थेट केंद्रावर जायचा. सासरे आजही त्याला विचारतात, यंदा म्हशीचं फॅट किती लागतंय.

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. आता तिच्या भजनी मंडळाच्या गटावरही तो मजकूर आला आहे. पुढे पाठवायचाच असेल त्यांनी गुडघ्याचं आणि फिडिपिडीसचं वाक्य काढावं, गान्सूचं आणि गोळीचं घालावं. आणि घरातलं काम कोण करतं, हा प्रश्न बायकांच्या वाक्यातून उचलून सगळ्यात वर ठेवावा.