टाकाऊपासून टाकाऊ

मागच्या महिन्यात वहिनीकडे गेले होते. हॉलमधल्या शेल्फवर माझीच बाटली! चार वर्षांपूर्वी मीच तिला वाढदिवसाला दिलेली. सुतळी गुंडाळलेली, गळ्याशी मणी चिकटवलेले, आत बारीक लाइटची माळ. क्षणभर फार बरं वाटलं. मग नजर खाली गेली. शेल्फवर धुळीचा पातळ थर होता आणि त्या थरात एक स्वच्छ चौकोन. त्या चौकोनाच्या मधोमध माझी गोल बुडाची बाटली. म्हणजे रोज तिथे दुसरंच काहीतरी असतं. मी येणार म्हणून ते उचललं आणि कुठल्यातरी खोक्यातून बाटली बाहेर आली. माळेचं बटण दाबून पाहिलं. सेल कधीच संपले होते.

वहिनी पाणी घेऊन आली. ती काही बोलली नाही, मीही नाही. चांगल्या घरातली माणसं अशीच वागतात. पण घरी येताना डोक्यात हिशेब चालू झाला: गेल्या दहा-बारा वर्षांत मी अशा किती बाटल्या लोकांच्या गळ्यात मारल्या असतील?

तर आज जरा अप्रिय बोलते. हाताने केलेली भेट ही हाताने केली म्हणून आपोआप चांगली होत नाही. आपण तीन संध्याकाळी खपलो, बोटं भाजून घेतली, हे आपल्याला माहीत असतं. समोरच्याला फक्त सुतळीची बाटली दिसते.

यावर चक्क प्रयोग झालाय. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोकॉन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवख्या लोकांना ओरिगामीचे बेडूक आणि बगळे करायला दिले होते. करणाऱ्यांनी आपल्या स्वतःच्या वेड्यावाकड्या बगळ्याला सरासरी २३ सेंट द्यायची तयारी दाखवली. तोच बगळा इतरांपुढे ठेवल्यावर त्यांनी सांगितले ५ सेंट. आणि तरबेज माणसांनी केलेल्या बगळ्यांची किंमत लोकांनी २७ सेंट धरली. म्हणजे आपलं ध्यान आपल्याला जवळजवळ उस्तादाच्या कामाइतकं वाटतं आणि बाकीच्यांना कागदाचा चुरगळा. हा आकडा वाचला तेव्हा मला ती बाटलीच दिसली.

आता कोणी म्हणेल, भावना महत्त्वाची. आहेच. पण भावनेसाठी समोरच्याने शेल्फवरची जागा वर्षानुवर्षं अडवून ठेवायची, ही जबरदस्ती झाली. 'टाकाऊपासून टिकाऊ' म्हणत आपण जे करतो, त्यातलं निम्मं टाकाऊपासून टाकाऊच असतं. फरक इतकाच की मधल्या काळात त्याला गम, चमकी आणि रंग लागलेला असतो. नुसती काचेची बाटली निदान भंगारात जाऊन परत काच तरी झाली असती.

माझ्या मते सगळ्यात मोठा गुन्हेगार ग्लू गन. (माझ्याकडे दोन आहेत, तेव्हा हे अनुभवाचे बोल.) दोन मिनिटांत सगळं चिकटतं, म्हणून रीलमध्ये तीच दिसते. पण तो गम म्हणजे वितळवलेलं प्लास्टिक. उष्णतेने वितळला, तसा उष्णतेने परत मऊही होतो. खिडकीतल्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवलेली वस्तू हळूहळू सुटायला लागते. गुळगुळीत काचेवर तर त्याची पकड मुळातच कच्ची. माझ्या बाटलीचे मणी कुठे गेले असतील ते मी वहिनीला विचारलं नाही.

त्यापेक्षा सुतारकामाचा साधा पांढरा गम कितीतरी भरवशाचा. कागद, पुठ्ठा, लाकूड, कापड, सगळ्याला चालतो. अट एकच: धीर. अर्ध्या-पाऊण तासात धरतो, पण पुरी ताकद यायला पूर्ण दिवस द्यावा लागतो. त्या दिवसात वस्तू उचलून 'बघू लागलंय का' करायचं नाही. आणि जाता जाता: झटपट चिकटवणारा तो इवल्या ट्यूबमधला गम सुती कापडाजवळ किंवा कापसाजवळ नेऊ नका. सुताशी त्याची क्रिया इतक्या वेगाने होते की चटका बसतो, कधी धूरही निघतो. मी बाहीवर सांडून शिकले.

गमाचंच निघालंय तर पुठ्ठ्याचं सांगते, कारण यात बहुतेकांचं काम बिघडतं. पुठ्ठ्याच्या एका बाजूला छानसा कागद चिकटवला की दुसऱ्या दिवशी पुठ्ठा पापडासारखा वाकलेला असतो. चूक तुमच्या हाताची नसते. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही साधारण तसाच कागद चिकटवायचा. दोन्हीकडून सारखी ओढ लागली की पुठ्ठा सरळ राहतो. मग जाडजूड पुस्तकांखाली रात्रभर. हे कळायच्या आधी मी केलेले सगळे फोटोफ्रेम टेबलावर डुलायचे.

मेणबत्त्यांबद्दल थोडक्यात, कारण आठवण कडू आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला मी काचेच्या भांड्यात सुवासिक मेणबत्ती करून दिली. वर हौसेने वाळलेल्या पाकळ्या पसरल्या होत्या. फोटोत फार देखणी दिसत होती. तिने लावली, मेण वितळलं, पाकळ्या तरंगत वातीपाशी गेल्या आणि पेटल्या. एका वातीच्या पाच वाती झाल्या. तिने प्रसंगावधान राखून वर झाकण ठेवलं म्हणून निभावलं. पेटत्या मेणावर पाणी ओतलं असतं तर भडका उडाला असता. तेव्हा पाकळ्या, दालचिनीच्या काड्या, लाकडाचे तुकडे हे मेणात घालू नका, कितीही सुंदर दिसलं तरी. मेण थेट आचेवर वितळवू नका, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. पातळ काचेचे पाणी प्यायचे ग्लास वापरू नका, तडकतात. मेणबत्ती करणं सोपं आहे, पण दुसऱ्याच्या घरात आपण आग पाठवतोय हे डोक्यात ठेवून करावं. मी सोडून दिलं.

मग मी करते काय? वही.

हसू नका. गेली तीन वर्षं मी भेट म्हणून जवळजवळ फक्त वह्या दिल्यात आणि एकही धूळ खात पडलेली दिसली नाही. वापरून संपलेल्या मात्र दिसल्या. पद्धत इतकी साधी आहे की इथेच सांगून टाकते. ए४ आकाराचे आठ कागद एकावर एक घेऊन मधोमध दुमडायचे. झाली ३२ पानं, दोन्ही बाजू मोजून. (हे माप १९२२ साली जर्मनीत ठरलं. त्यातली गंमत अशी की कागद अर्धा केला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, म्हणून दुमडलेली वही बेढब दिसत नाही.) घडीवर नख फिरवायचं नाही, चमच्याची पाठ फिरवायची. नखाने कागदावर चकाकी येते आणि घडी एकसारखी बसत नाही. बाहेरून जरा जाड कागदाचं कव्हर.

कव्हर दुमडायच्या आधी मात्र कागदाचा ग्रेन बघायचा. ग्रेन म्हणजे तंतूंची दिशा. कागद हातात धरून हलकेच वाकवा, मग फिरवून दुसऱ्या दिशेने वाकवा. एकीकडे तो मुकाट वाकतो, दुसरीकडे कुरकुर करतो. जिकडे मुकाट वाकतो तीच घडीची दिशा. उलट्या दिशेने जाड कागद दुमडला की घडीवर भेगा पडतात आणि दोन महिन्यांत कव्हर फाटतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चार कव्हरं फाटल्यावर पाचव्या वेळी मी कागदाकडे नीट बघितलं.

मग घडीवर दाभणाने तीन भोकं: एक मधे, एक वर, एक खाली. जाड दोरा, वहीच्या उंचीच्या तिप्पट. त्यावरून मेणाचा तुकडा दोनदा ओढायचा, म्हणजे गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची. बाहेरून वरच्या भोकातून आत. आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर. आणि परत मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन टोकं आतच येतात आणि मधे वर-खाली जाणारा एक लांब टाका असतो. एक टोक त्याच्या डावीकडे, एक उजवीकडे घेऊन त्या टाक्यावर गाठ मारायची. दोरा ओढताना घडीच्या दिशेने, वर-खाली ओढायचा. स्वतःकडे ओढला की कागद चिरतो. संपलं. गम नाही, ग्लू गन नाही, चमकी नाही.

शेवटी तिन्ही कडा कापून एकसारख्या करायच्या, कारण दुमडल्यावर आतली पानं थोडी बाहेर डोकावतात. स्टीलची पट्टी आणि नवं पातं लावलेला कटर. एका दमात आरपार कापायला जायचं नाही, हलक्या हाताने दहा-बारा वेळा फिरवायचं. सफाईदार वही आणि घरगुती वही यात फरक पडतो तो इथे. खरं तर सगळ्याच हस्तकलेत शेवटची ही दहा मिनिटं लोक खातात. वस्तू तयार झाली की फोटो काढायची घाई होते. गमाचे ओघळ पुसलेले नसतात, लाकडाच्या कडेवर पॉलिश पेपर फिरवलेला नसतो, दोऱ्याचं टोक लोंबत असतं. मग आपणच म्हणतो, 'घरी केलंय ना, चालायचंच.' का चालायचं?

घर सजवायचं म्हणाल तर माझं मत अजूनच कडक आहे. भिंतीवर लोंबणाऱ्या दोऱ्यांच्या गोष्टी मला दिसायला आवडतात, झटकायला नाही. मॅक्रमेच्या, म्हणजे दोऱ्याला गाठी मारून विणायच्या, नादात मी एकदा पडले होते. दोरा तयार लांबीच्या निदान चौपट घ्यावा लागतो आणि मधोमध दुमडून टांगणार असाल तर आठपट, हे न कळल्यामुळे माझं काम अर्ध्यावर संपलं. ते अर्धं काम आता कपाटात आहे.

त्याऐवजी एक चांगली फ्रेम आणि भरपूर रुंद माउंट, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती येणारी पुठ्ठ्याची चौकट. बोटभर वस्तूभोवती तीन बोटं मोकळी जागा सोडली की काहीही भारदस्त दिसतं: पोराने काढलेलं चित्र, जुन्या साडीचा तुकडा, एखादं पान. माउंटची खालची पट्टी वरच्यापेक्षा किंचित रुंद ठेवायची, नाहीतर चित्र घसरल्यासारखं वाटतं. पानं-फुलं दाबायची असतील तर पातळ, चपटी घ्या. टिपकागदात घालून जड पुस्तकांखाली दोन-तीन आठवडे विसरून जा. भरगच्च गुलाब घातलात तर बुरशी येईल. आणि फ्रेम उन्हासमोर लावू नका, वर्षभरात रंग उडतो.

फुलांवरून मेरी डेलनी आठवते. अठराव्या शतकातली ही इंग्रज बाई. दुसऱ्यांदा विधवा झालेली, वय ७२. तेव्हा तिने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला घेतली. पाकळी, पुंकेसर, देठाची छटा, प्रत्येकाला वेगळा तुकडा. पुढची दहा वर्षं एवढंच. नजर अधू होईपर्यंत तिने ९८५ चित्रं केली, आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हातात काय, कागद आणि कात्री. मला तिचं वय थक्क करत नाही, तिने दर आठवड्याला नवीन प्रकार केला नाही हे थक्क करतं. या आठवड्यात क्विलिंग, पुढच्या आठवड्यात रेझिन, मग दिवाळखोरीत निघालेला छंद आणि सामानाने भरलेले तीन खोके. हे खोके माझ्या पलंगाखाली आहेत, तेव्हा टोमणा स्वतःलाच.

आता हिशेब पूर्ण करते. बाटलीच्या प्रसंगानंतर दोन आठवड्यांनी वहिनीला फोन केला आणि म्हटलं, 'वहिनी, ती बाटली टाकून दिलीस तरी मला वाईट वाटणार नाही.' पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, 'अगं, नाही गं, छान आहे ती.' मग परत शांतता. मग, 'खरंच टाकू?'

गेल्या रविवारी तिला वही नेऊन दिली. राखाडी कव्हर, लाल दोरा. काल तिचा फोन आला. घरातल्या सगळ्यांच्या औषधांच्या वेळा, गॅसचे नंबर आणि कुठले कुठले पासवर्ड तिने त्यात लिहून ठेवलेत, आठ पानं भरलीसुद्धा. म्हणाली, 'पुढची जरा मोठी कर. आणि दोरा लाल नको, धुतलेल्या हाताला रंग लागतो.'

रंग पक्का आहे की नाही हे मी बघितलंच नव्हतं. आज सगळ्या दोऱ्यांचे तुकडे ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवलेत.