‘फिट टू पेपर मारा’ म्हणे! २१० चं पीसीडी २०३.७ झालं त्याचं काय?

निपाणीचा माझा भाचा डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. परवा रात्री त्यानं एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, हे बरोबर हाय काय?’ फॉरवर्ड तोच, जो आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या निम्म्या ड्राफ्ट्समनच्या मोबाईलवर येऊन गेलाय. ऑटोकॅडच्या (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) प्रिंटमध्ये बॉर्डर कापते, सरकते? हे ५ उपाय करा, १०० टक्के गॅरंटी. एक, फिट टू पेपर टिक करा (म्हणजे ड्रॉइंग कागदात मावेल तेवढं आपोआप लहान-मोठं होतं). दोन, प्रिंटरचे मार्जिन शून्य करा. तीन, सेंटर द प्लॉट (प्लॉट म्हणजे प्रिंटच, कागदाच्या मधोमध). चार, बॉर्डर आत ओढून घ्या. पाच, काहीच जमलं नाही तर स्क्रीनशॉट काढून वर्डमध्ये टाका आणि प्रिंट मारा. (बॉर्डरचा प्रश्न म्हटलं की आमच्याकडं लोक लगेच ५६ सालापर्यंत जातात, म्हणून सांगून ठेवतो, मी ड्रॉइंगच्या बॉर्डरबद्दल बोलालोय.)

मी एरवी असल्या मेसेजला उत्तर देत बसत नाही. पण हा पठ्ठ्या विचारायच्या आधीच पहिला उपाय करून मोकळा झालेला. फ्लँजची (पाइप बोल्टनं जोडायची चकती) गॅस्केट, म्हणजे मधे बसणारं गळती थांबवायचं पॅकिंग. पीसीडी, म्हणजे होलांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, २१० मिमी, १८ मिमीची आठ होल. ए-३ वर वन टू वन, म्हणजे खऱ्या मापाची प्रिंट काढायची, गॅस्केटच्या शीटवर चिकटवायची आणि कापायची, एवढंच काम. यानं फिट टू पेपर मारून प्रिंट काढली, बॉर्डर काय मस्त चारी बाजूंनी दिसली, खूश होऊन पंचनं आठही होल मारले आणि मग ती फ्लँजवर बसेना. एका बाजूचा बोल्ट घातला की समोरच्या होलात गॅस्केटचाच भाग आडवा येतोय, तसा फोटोही पाठवला. प्रिंट बारीक होऊन ९७ टक्क्यांवर आलेली. २१० चे २०३.७ झाले, म्हणजे ६.३ मिमी गेले. १६ च्या बोल्टला १८ च्या होलात २ मिमीची मोकळीक, तिथं ६ मिमी कुठून आणणार?

आता कोणीतरी म्हणेल की ड्रॉइंगवर पट्टी लावायचीच नसते, लिहिलेलं माप घ्यायचं असतं. मान्य, आम्हालाही तेच शिकवलंय. पण टेम्प्लेटच कागदावरून कापायची असेल तर काय करणार? आणि टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला माहितीचा चौकोन) स्केल १:१ लिहायचं आणि कागद १:१.०३ चा द्यायचा, हे सरळ खोटं लिहिणं झालं. फिट टू पेपर चेक प्रिंटला वापरा, चहा पिता पिता बघायला, तेवढंच.

मार्जिन शून्य करायचा उपाय तर त्याहून भारी. पीसीथ्री फाइलमध्ये (ऑटोकॅडची प्रिंटर सेटिंगची फाइल) जाऊन प्रिंटेबल एरियाचे मार्जिन शून्य केले की ऑटोकॅड बिचारं विश्वास ठेवतं, प्रिंटर ठेवत नाही. ऑफिसातला साधा लेझर प्रिंटर कडेचे चार-पाच मिमी छापतच नाही, तुम्ही सेटिंगमध्ये काहीही लिहा. पीडीएफ करताना मात्र हे चालतं, कारण तिथं मशीनच नसतं, आणि त्यासाठी ‘फुल ब्लीड’ ए-३ आयता दिलेलाच आहे. तेवढं अर्धसत्य सोडून देतो.

सेंटर द प्लॉट. हे बरोबर आहे, निदान विंडो देऊन, म्हणजे छापायचा भाग चौकटीनं निवडून प्लॉट करणाऱ्यांसाठी. पण प्लॉट एरिया ‘लेआउट’ (ऑटोकॅडमधलं कागदाच्या मापाचं पान) असेल तर तो टिकच करता येत नाही, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे माहीत नाही म्हणजे त्यानं लेआउटमधून कधी प्लॉट केलेलंच नाही.

बॉर्डर आत ओढून घ्या हे वाचून मात्र डोकं फिरलं. बॉर्डर कुठं असावी हे ठरलेलं आहे की! आयएसओ ५४५७ (ड्रॉइंग शीटचं आंतरराष्ट्रीय मानक) काढून बघा: डावीकडं २० मिमी, बाकी तिन्ही बाजूंना १० मिमी. म्हणजे ४२० बाय २९७ च्या ए-३ वर आतली चौकट ३९० बाय २७७. डावीकडचे २० फाइलिंगला पंच मारायला. आता हिशोब करा, प्रिंटर खातो चार-पाच मिमी, बॉर्डर आहे १० मिमी आत. मग ती कापेल कशी? कापत असेल तर एक तर तुमची बॉर्डर चुकीची काढलीय, नाहीतर पूर्ण शीट सरकलीय. ओढून घेऊन काय होणार?

आणि सरकायचं कारण बहुतेक वेळा एकच. लेआउटमध्ये बॉर्डरसकट टायटल ब्लॉक ०,० वर इन्सर्ट करतात सगळे. पण तो ०,० कागदाचा कोपरा नसतोय, ती तुटक रेघ दिसते ना, त्या प्रिंटेबल एरियाचा कोपरा असतो. म्हणजे ४२० ची शीट आधीच चार-पाच मिमी उजवीकडं आणि वर गेली. ऑप्शन्समध्ये प्लॉट अँड पब्लिश टॅबवर ‘एज ऑफ पेपर’ निवडा, किंवा प्लॉट ऑफसेटमध्ये मार्जिनचाच आकडा वजा करून टाका, मार्जिन ४.२ असेल तर उणे ४.२. स्केल १:१. बस.

पीडीएफ करून झेरॉक्सच्या दुकानात देणार असाल तर तिथंही ‘फिट’ लागलेलं असतं. ‘ॲक्च्युअल साइज’ म्हणून सांगा, मराठी कन्नड दोन्हीत तोच शब्द चालतो. आणि शीटच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ मारून ठेवा, प्रिंट हातात आली की आधी त्या रेघेवर पट्टी लावा, मग पैसे द्या.

पाचव्या उपायाबद्दल, स्क्रीनशॉट, वर्ड... जाऊ दे.

भाच्यानं काल परत प्रिंट काढली, रेघेवर पट्टी ठेवून फोटो पाठवला, १०० ला १००. पहिली शीट मात्र वाया गेली ती गेलीच, दुसरी मिळेल काय म्हणून लॅबवाल्या सरांच्या मागं लागलाय.