ताई-दादा बनवणारी पुस्तकं

सोसायटीचं छोटं वाचनालय बघते, म्हणून दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या आया मला हमखास विचारतात, "मोठ्यासाठी बाळाचं एखादं चित्रपुस्तक सुचव ना." सुचवते, पण शेवटच्या पानावर मोठं भावंड शहाण्यासारखं बाळाची पापी घेतं, असलं पुस्तक सुचवत नाही.

पुण्यात या विषयावर हाताला लागतात ती बहुतेक परदेशी पुस्तकं. देखणी असतात, नाही कोण म्हणतं? पण त्यात भाऊ येणार हे आधीच ठाऊक, नाव ठरलेलं, खोली रंगवून तयार. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानाला बंदी, नाव बारशाला, आणि बाळ हातात येईपर्यंत झबलंही विकत आणू न देणाऱ्या आज्या सदाशिव पेठेतच काय, वाकडच्या टॉवरांतही आहेत. पोर मग विचारतं, "आपल्या बाळाची खोली कुठली?" वन बीएचकेत काय दाखवणार, कप्पाळ!

आपल्या मुलांपुढचा पेच वेगळाच असतो. आई बाळंतपणाला माहेरी, शाळा बुडायला नको म्हणून पोर बाबांकडे. आई परत येते ती कान बांधून, अंगाला शेकशेगडीचा वास. डिंकाचे लाडू फक्त तिला. मालीशवाल्या मावशी बाळाला पायांवर घेऊन रगडतात, ते किंचाळतं, मोठी माणसं कौतुकाने हसतात, आणि आपलं चार वर्षांचं पोर दारात उभं राहून हे बघतं. मला हे पान हवंय.

"खेळायला बाळ येणार" ही तर शुद्ध थाप. सुरुवातीला ते दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं, वीत-दीड वीतीपलीकडचं त्याला धूसर दिसतं, ओळखीचं हसायला दीड-दोन महिने, बसायला सहा. पण उडणारी टाळू, काळी पडून गळणारी नाळ, पिवळी शी? मुलांना यात भयंकर रस असतो. दाखवा की!

आणि राग. एका पुस्तकात ताई बाळाचा खुळखुळा कचऱ्याच्या डब्यात टाकते. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाने पुढची समजुतीची पानं भराभर उलटली आणि डब्याचं पान पुन्हा वाचायला लावलं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा "आता तू दादा ना!" म्हणत होता, त्याचं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं होतं. त्याला त्या एका पानावर कुणीतरी सोबतीला भेटलं.

पैसे नसतील तर प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, मुक्त परवान्याच्या. मजकूर बदलून घरच्यासारखा करून घेता येतो. वाचून मात्र बाबांनी दाखवावं. आईचे हात बाळात अडकलेले असतात, आणि तेव्हाच मोठ्याला मांडी हवी असते.

चित्रकार मंडळींनो, शेगडी, मावशी आणि खुळखुळा फेकणारी ताई चितारा. समजुतीचं पान नसेल तर पहिल्या चार प्रती माझ्या.